बोलता न येणाऱ्या आईबापांचे मूल

मुंबईत परळच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावरून सकाळी जाणाऱ्या कोणाही माणसास पदपथावर चटया गुंडाळीत बसलेली कुटुंबे दिसतात. ती बेघर नाहीत. कोणाचे घर बीड जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात असते, कोणाचे बिहारात, कोणाचे त्याहूनही दूर. टाटा स्मारक रुग्णालयातील उपचारांसाठी ती येथे आलेली असतात, आणि त्यांपैकी कित्येकांच्या मांडीवर डोक्यावरचे केस गेलेले, तोंडाला मास्क बांधलेले मूल असते. या दृश्याविषयी आजवर पुष्कळ हळहळ व्यक्त झाली आहे, आणि नुसती हळहळच नव्हे. गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेने कर्करुग्णांना आसरा दिला. २००६ पासून सेंट ज्यूड या संस्थेने अशा मुलांच्या कुटुंबांसाठी निवासकेंद्रे उभारली. ही कामे मोलाची आहेत यात शंका नाही. परंतु निवाऱ्याचा प्रश्न रस्त्यावरून जाणाऱ्यास दिसतो म्हणून त्याची चर्चा होते. त्याच आईबापांचा दुसरा प्रश्न रुग्णालयाच्या भिंतींआड राहतो. या देशात कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या आत पाऊल टाकल्यावर मुलाच्या वतीने बोलणाऱ्या या माणसांच्या शब्दाला काही किंमत असते काय, हा तो प्रश्न होय.

तो आज विचारावयाचा, कारण हा रोग आता हात टेकण्याचा राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना व किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी शेकडा ८० हून अधिक बरे होतात. अनेक गरीब देशांत हेच प्रमाण शेकडा ३० पेक्षाही खाली आहे. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर औषधाने तात्पुरता का होईना उतार पडतो, हे बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४८ साली प्रथम दाखविले. ज्या औषधाने ते दाखविले ते अमेरिकेतील ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तिच्या संशोधनाची धुरा येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातून गेलेल्या शास्त्रज्ञाच्या हाती होती. त्यानंतरच्या तीन-चार दशकांत डॉक्टरांनी तीच ती औषधे निराळ्या क्रमाने, निराळ्या मात्रेत, चिकाटीने देऊन पाहिली आणि एके काळी महिन्यांत मरणारी मुले मोठी होऊन संसाराला लागली. तेव्हा आपल्याकडील मूल दगावते ते दर वेळी विद्या अपुरी पडली म्हणून दगावते, असे मानण्याचे कारण नाही. पुष्कळदा ती विद्या मुलापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत काहीतरी निसटते. आणि त्या वाटेच्या शेवटच्या टप्प्यावर, खाटेशेजारी, डॉक्टर नसतो. आई असते किंवा बाप असतो.

या उपचाराचे स्वरूपच असे आहे. मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. पहिले काही आठवडे शिरेतून औषधे, कण्यातून औषधे, स्टेरॉइडच्या गोळ्या. मग आणखी काही महिन्यांच्या फेऱ्या. आणि शेवटी दीड-दोन वर्षे रोज घरी घ्यावयाची गोळी व आठवड्यातून एकदा घ्यावयाची दुसरी. या घरच्या गोळीची मात्रा मुलाच्या उंची-वजनावरून ठरते. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाला पाच दिवस एक आणि दोन दिवस अर्धी, असे काहीतरी लिहून मिळते. काउंट खाली आला की ती बदलते, वर गेला की पुन्हा बदलते. हा हिशेब कोणी ठेवावयाचा? ज्या आईला अक्षर वाचता येत नाही, तिने. तिच्यावर सोपविलेले काम किती जोखमीचे आहे हे अमेरिकेतील एका अभ्यासाने २०१२ साली दाखवून दिले: घरच्या गोळ्यांपैकी शंभरात पाचांहून अधिक मात्रा चुकल्या तर रोग उलटण्याचा धोका लक्षणीय वाढतो. म्हणजे ज्या बाईला वॉर्डात ‘बाजूला व्हा’ असे सांगितले जाते, तिच्याच हातात दोन वर्षे त्या मुलाच्या उपचाराचा गाभा असतो.

ब्रिटनमध्ये एके काळी रुग्णालये मुलांना आईबापांपासून सरळ तोडीत असत. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ठरलेला वेळ भेट, बाकीच्या वेळी दार बंद. आई दिसली की मूल रडते, वॉर्डाची शिस्त बिघडते, असा त्यामागचा युक्तिवाद. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात एकट्या पडलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढून या शिस्तीमागील क्रौर्य उघडे केले आणि १९५९ च्या प्लॅट समितीने आईबापांना मोकळी भेट द्यावी अशी शिफारस केली. आपल्याकडे असे काही करण्याची पाळी आली नाही, याबद्दल कोणी पाठ थोपटून घेऊ नये. आपल्या रुग्णालयांनी आईबापांना आत ठेवले ते मायेपोटी नव्हे, मनुष्यबळ नाही म्हणून. रक्ताची बाटली आणावयाची, नमुना प्रयोगशाळेत पोहोचवावयाचा, कागदावर शिक्का मारून घ्यावयाचा, प्लेटलेट देणारा माणूस शोधावयाचा, मुलाची ओकारी पुसावयाची, सलाइन संपत आले की सिस्टरला हाक मारावयाची: ही सारी कामे नातेवाईकांची. ते नसतील तर सार्वजनिक रुग्णालयाचा वॉर्ड एक दिवस चालणार नाही. आपल्या व्यवस्थेला आईबापांचे पाय हवे आहेत. तोंड मात्र नको आहे.

आणि तोंडाचीच खरी गरज आहे. मुलाचे वजन गेल्या फेरीनंतर तीन किलोंनी उतरले आणि मात्रा जुन्याच वजनावर लिहिली गेली, तर ते प्रथम कोणाच्या ध्यानात येणार? ज्याने त्याला कडेवर उचलून आणले त्याच्या. व्हिन्क्रिस्टिन हे औषध शिरेतूनच द्यावयाचे असते. पुष्कळदा त्याच दिवशी दुसरे औषध कण्यातून देतात. या दोहोंत अदलाबदल झाली तर मूल जवळजवळ खात्रीने मरते. अशा दुर्घटना अनेक देशांत, सुसज्ज रुग्णालयांतही घडल्या, आणि जागतिक आरोग्य संघटनेला २००७ साली त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. ‘हे कोणते औषध, आणि ते कुठून द्यावयाचे?’ असे विचारणारी आई अशा वेळी डॉक्टरचा वेळ खात नसते. सुरक्षेच्या साखळीतील ती एक कडी असते. औषधाच्या घेऱ्यात असलेल्या मुलाला १००.४ अंश ताप आला तर तासाभराच्या आत प्रतिजैविक सुरू व्हावयास हवे. कॅज्युअल्टीच्या रांगेत बसलेल्या बापाला हे सांगितलेले असते. ज्याने केस पेपर काढावयाचा त्या कारकुनाला ते ठाऊक नसते. बापाने रांग मोडावी की नियम पाळावा? जो मोडू शकतो त्याचे मूल वाचते.

येथे प्रश्न वर्गाचा होतो, आणि तो तसा स्पष्ट म्हणावयास हवा. नोकरदार, शिकलेला बाप फाइलमधील प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढतो, इंग्रजी शब्द शोधून ठेवतो, डॉक्टरांना ‘सर, ही फेरी एक आठवडा पुढे का ढकलली?’ असे विचारतो. डॉक्टरही त्याच्याशी बोलतात, कारण तो त्यांच्यासारखाच दिसतो व त्यांच्याच भाषेत बोलतो. त्याच वॉर्डात दोन खाटा पलीकडे उभा असलेला माणूस ‘साहेब’ एवढेच म्हणतो आणि थांबतो. त्याला प्रश्न पडत नाहीत असे नाही. रात्रभर जागून त्याने जे पाहिले ते कदाचित त्या शिकलेल्या बापाहून अधिक असेल: मूल डाव्या पायावर भार टाकीत नाही, लघवी कमी झाली आहे, कालच्या इंजेक्शननंतर हाताला सूज आली. पण हे सांगण्यासारखे आहे की नाही, कोणाला सांगावयाचे, सांगितले तर डॉक्टर रागावतील काय, रागावले तर मुलावर त्याचा राग निघेल काय, या विचारांत राऊंड पुढे सरकतो. पिढ्यान्‌पिढ्या मुकादमापुढे, तलाठ्यापुढे, फौजदारापुढे गप्प राहण्याचे जे शिक्षण त्याला मिळाले, ते तो वॉर्डाच्या दाराबाहेर चपलेसारखे काढून ठेवू शकत नाही. भाषेचे म्हणाल तर बंगाली वा मैथिली बोलणाऱ्या आईची गत याहून वाईट. पण मेळघाटातून आलेल्या कोरकू बाईला मुंबईची मराठी तरी कोठे आपली वाटते?

मुलगी असेल तर आणखी एक पायरी. देशातील मोठ्या रुग्णालयांच्या व कर्करोग नोंदणी केंद्रांच्या आकड्यांवर आधारलेला एक अभ्यास २०२२ च्या अखेरीस ‘लान्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात आला. उपचारांसाठी आणलेल्या मुलांत मुलगे मुलींपेक्षा पुष्कळ अधिक आढळले, आणि घर व रुग्णालय यांतील अंतर वाढले तशी ही तफावत वाढली. निसर्ग एवढा पक्षपाती नाही. दोनशे कोसांवरच्या घरात कोणीतरी हिशेब मांडला, आणि त्या हिशेबात मुलीच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते किंवा जी बोलली तिचे चालले नाही. मुलासाठी उभे राहणे हे काम रुग्णालयात सुरू होत नाही. ते घरात, सासऱ्यापुढे, सावकारापुढे सुरू होते. परळपर्यंत पोहोचलेल्या आईने एक लढाई आधीच जिंकलेली असते.

डॉक्टरांची बाजू येथे मांडलीच पाहिजे, कारण ती खोटी नाही. एका सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात ज्याच्यापुढे माणसांची रीघ लागते, ज्याची रात्रपाळी संपून दिवसपाळी सुरू झाली आहे, त्या निवासी डॉक्टराकडे प्रत्येक बापासाठी अर्धा तास नसतो. शिवाय आईबाप नेहमी बरोबरच असतात असे कोण म्हणेल? कोणी दोन फेऱ्यांनंतर मूल हसू लागले म्हणून त्याला घरी नेतो, कोणी गावच्या बाबाचा अंगारा सुरू करून गोळी बंद करतो, कोणी मृत्यूच्या धक्क्याने बेभान होऊन हात उगारतो. डॉक्टरांना मारहाण ही निषेधार्हच गोष्ट आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्राने २०१० साली स्वतंत्र कायदा केला तो आवश्यकच होता. मात्र यातील विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. बाप ओरडतो तेव्हा काय करावयाचे याचा कायदा राज्याने केला. बाप दबक्या आवाजात काही विचारतो तेव्हा त्याला उत्तर कोणी द्यावयाचे, याची व्यवस्था मात्र केली नाही. ओरडण्याची पाळी येते ती पुष्कळदा त्या दबक्या आवाजाकडे महिनोन्‌महिने दुर्लक्ष झाल्यामुळे.

कागदावर हक्क नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय सांगून मिळविलेली संमती हीच खरी संमती, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांच्या सनदेचा मसुदा तयार केला. धर्मादाय रुग्णालयांनी शेकडा १० खाटा निर्धनांसाठी मोफत व तेवढ्याच दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखावयाच्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची आरोग्य योजना आहे, तिच्या कक्षात आरोग्यमित्र बसतो. परंतु या साऱ्यांचे एक समान लक्षण आहे: ते मागितल्याशिवाय मिळत नाही. निर्धनांची खाट आहे हे ठाऊक असलेल्याला खाट. शिधापत्रिकेसारखी कागदपत्रे आणि चिकाटी असलेल्याला योजना. इंग्रजी छापील अर्जावर सही करण्यापूर्वी ‘वाचून दाखवा’ म्हणण्याचे धैर्य असलेल्याला संमतीचा हक्क. जो हक्क बजावण्यासाठी वकिलाची जीभ लागते तो गरिबाच्या मुलापुरता हक्क नव्हेच. ती कृपा आहे, आणि कृपा माणूस पाहून केली जाते.

मुलाच्या वतीने बोलणे याचा अर्थ मुलाला गप्प करणे असाही होता कामा नये. आपल्या घरांत आजाराचे नावही मुलापुढे उच्चारीत नाहीत. सात वर्षांचे मूल शेजारच्या खाटेवरचा मित्र कोठे गेला हे विचारते आणि ‘गावी गेला’ असे उत्तर मिळते. मूल फसत नाही. ते विचारणे थांबवते, इतकेच. भारताने १९९२ साली मान्य केलेल्या बालहक्क करारनाम्याच्या बाराव्या कलमात, मुलाशी संबंधित बाबींत त्याचे म्हणणे ऐकून घेतले जावे असे म्हटले आहे. सुई कोणत्या हातात टोचावयाची एवढे तरी त्याला विचारता येते. ज्या आईला हे सुचते ती उत्तम वकील होय, मग तिला शाळा माहीत असो वा नसो.

पण उभे राहावयाचे तर पोटाला काय? या प्रश्नाला बगल देऊन आईबापांच्या धैर्याचे गोडवे गाणे हा मध्यमवर्गीय चाळा होईल. केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रीला मुलाच्या संगोपनासाठी नोकरीच्या काळात ७३० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते; राज्य सरकारनेही आपल्या सेवेतील स्त्रियांसाठी अशी १८० दिवसांची तरतूद केली आहे. या सवलती कोणी काढून घ्याव्यात असे नाही. परंतु ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचा विचार करा. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल. मूल आजारी पडले आणि बायको मुंबईला राहिली की कोयता मोडला. उचल मात्र अंगावर तशीच. मग बाप फडावर आणि आई एकटी वॉर्डात, अथवा बाप मुंबईत आणि आई थोरल्या मुलीला घेऊन फडावर. उपचार मध्येच सोडून जाणाऱ्या कुटुंबांना ‘अडाणी’ म्हणणारांनी हा जमाखर्च एकदा मांडून पाहावा. आरोग्य योजना औषधाचे, खाटेचे पैसे देते. बुडालेल्या मजुरीचा विचार तिच्यात नाही. आणि तसा विचार करणे अशक्य आहे, हेही खरे नाही. क्षयरोग्यांच्या पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये थेट दिले जाऊ लागले व २०२४ च्या अखेरीस ती रक्कम १,००० करण्यात आली. ज्या राज्याने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली देशाच्या कितीतरी आधी केला, त्याने कर्करोगाच्या मुलाशेजारी बसलेल्या आईच्या दिवसाला किमान वेतनाचा दर लावावा, ही मागणी अवास्तव ठरू नये. ती बसलेली नसते. ती काम करीत असते, आणि तिने न केल्यास ते काम पगार देऊन करून घ्यावे लागेल.

रुग्णालयांच्या आत काय करता येईल याची चुणूक दिसू लागली आहे. टाटा रुग्णालयाने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या सहकार्याने २०१९ मध्ये ‘केवट’ नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. रुग्णाला एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत, एका तपासणीपासून दुसरीपर्यंत नेणारी माणसे त्यातून तयार होतात. नाव रामायणातल्या नावाड्याचे आहे आणि ते शोभते. पण अशी माणसे मूठभर रुग्णालयांत असून भागणार नाही. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत जेथे जेथे मुलांना ही औषधे दिली जातात तेथे ती पगारी पदे म्हणून हवीत, देणगीवर चालणारा उपक्रम म्हणून नव्हे. आठवड्यातून एक ठरलेला तास असा हवा की त्या वेळी डॉक्टर वॉर्डातील आईबापांबरोबर बसतील आणि प्रश्न नसतील तर ते विचारून काढतील. गोळ्यांचा तक्ता चित्रांत हवा: पूर्ण गोळी, अर्धी गोळी, सूर्य, चंद्र.

आणि तापाचे कार्ड हवे. अनेक देशांत औषधोपचार चालू असलेल्या रुग्णाजवळ असे कार्ड असते. त्यावर एवढेच लिहावयाचे: या मुलावर कर्करोगाची औषधे चालू आहेत, ताप १००.४ किंवा अधिक असल्यास केस पेपरची वाट न पाहता तत्काळ आत घ्यावे, रक्त तपासावे, तासाभरात प्रतिजैविक सुरू करावे. खाली रुग्णालयाचा शिक्का, तज्ज्ञाची सही, रात्री उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. ते कार्ड हातात असले की जालन्याच्या बापाला रात्री अकरा वाजता तालुक्याच्या रुग्णालयात हुज्जत घालावी लागणार नाही, विनवावे लागणार नाही, इंग्रजी शब्द आठवावे लागणार नाहीत. ते नुसते पुढे करावे लागेल. मात्र त्यासाठी कार्ड मानण्याचा आदेश ग्रामीण रुग्णालयापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत प्रत्येक कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लागला पाहिजे, आणि तो काढण्याचा अधिकार राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आजच आहे. त्यास नवा कायदा लागत नाही, विधिमंडळाचे अधिवेशन लागत नाही, आणि छपाईचा खर्च म्हणाल तर कोणत्याही मंत्र्याच्या एका दौऱ्यातील स्वागतकमानींहून तो कमीच भरेल.